फ्लूने फुप्फुसं निकामी झाली की आयसीयूत नेमकं काय करतात?

फ्लूने निकामी झालेलं फुप्फुस दुरुस्त करणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. ते काम व्हेंटिलेटरचं नाही आणि रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन भरणाऱ्या एक्मो या यंत्राचंही नाही. फुप्फुस भरून येतं ते आपलं आपण, आणि त्याला आठवडे लागतात. तोवर माणसाला जगवायचं, आणि जगवण्याच्या खटपटीत त्याच फुप्फुसाला नवी इजा करायची नाही, एवढंच आयसीयूच्या हातात असतं. यातला दुसरा भाग वाटतो त्यापेक्षा खूप अवघड आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या आजारावर जे उपचार निघाले, त्यांतल्या कित्येकांनी मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा छान वर नेला. रुग्ण मात्र तितकेच दगावले, कधी तर जास्त. आकडा सुधारणं वेगळं आणि माणूस सुधारणं वेगळं, हे डॉक्टरांच्याही फार उशिरा ध्यानात आलं. दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना तर हे सहसा कुणी सांगतही नाही. ते दर तासाला सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, विचारत राहतात.

विषाणू खाली उतरतो तेव्हा

इन्फ्लुएंझाचा विषाणू बहुतेकांच्या बाबतीत नाक, घसा आणि वरच्या श्वासनलिका एवढ्यावरच समाधान मानतो. ताप, अंग मोडून येणं, कोरडा खोकला, आणि आठवड्याभरात माणूस हिंडू-फिरू लागतो. थोड्या लोकांत मात्र तो थेट वायुकोशांपर्यंत जातो. वायुकोश म्हणजे श्वासनलिकांच्या टोकाशी असलेल्या हवेच्या अतिसूक्ष्म पिशव्या. दोन्ही फुप्फुसांत मिळून त्या तीस ते पन्नास कोटी असतात. प्रत्येकीभोवती केशवाहिन्यांचं जाळं असतं, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्यातून ऑक्सिजन पलीकडे जातो, कार्बन डायऑक्साइड अलीकडे येतो.

विषाणू या पडद्याच्या पेशी मारतो. त्यांच्यामागे आपलीच प्रतिकारशक्ती धावून येते आणि तीही बरीच मोडतोड करते. पडदा गळू लागतो. रक्तातलं प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशांत झिरपतं. वायुकोश उघडे राहावेत म्हणून त्यांच्या आतून सरफॅक्टंट नावाच्या द्रवाचा पातळ थर असतो. तो बनवणाऱ्या पेशीही मेलेल्या असतात, म्हणून उरलेले वायुकोश मिटू लागतात. मिटलेल्या वायुकोशाभोवतीचं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे निघून जातं.

मास्क लावूनही ऑक्सिजन का चढत नाही, याचं उत्तर इथे आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो; मास्कने तो खूप वाढवता येतो. पण ज्या वायुकोशाचं तोंडच बंद आहे किंवा जो पाण्याने भरलाय, तिथे शंभर टक्के ऑक्सिजन दिला तरी तो पोचणार कसा? बंद भागातून न बदलता आलेलं निळसर रक्त चांगल्या भागातल्या लाल रक्तात मिसळतं आणि सगळ्याचीच प्रत खाली ओढतं.

या अवस्थेला एआरडीएस (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) म्हणतात. १९६७ साली अमेरिकेतल्या डेव्हिड ॲशबॉ आणि सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये अशा १२ रुग्णांचं वर्णन छापलं. कुणाला अपघातात मार लागलेला, कुणाला न्यूमोनिया झालेला, पण फुप्फुसांचं चित्र सगळ्यांचं एकसारखं. कारण काहीही असो, फुप्फुस एकाच पद्धतीने कोलमडतं, ही त्यांची मोठी नोंद होती. फ्लू हे त्या अनेक कारणांपैकी एक.

तीव्रता मोजायची रीत साधी आहे. धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब घ्यायचा आणि रुग्णाला दिल्या जाणाऱ्या हवेत ऑक्सिजनचा वाटा किती, त्याने भागायचं. निरोगी माणसात हे उत्तर चारशेच्या वर येतं. २०१२ साली ठरलेल्या बर्लिन व्याख्येनुसार ३०० किंवा त्याखाली सौम्य, २०० किंवा त्याखाली मध्यम आणि १०० किंवा त्याखाली तीव्र एआरडीएस. समजा रुग्णाला ८० टक्के ऑक्सिजन चालू आहे आणि रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० (मिलिमीटर पारा) आहे, तर ६० भागिले ०.८ म्हणजे ७५. सॅच्युरेशन त्या वेळी नव्वदच्या आसपास दिसेल आणि पाहणाऱ्याला वाटेल, फारसं काही बिघडलेलं नाही. प्रत्यक्षात तो तीव्र गटातला रुग्ण असतो. किती ऑक्सिजनवर नव्वद, हे विचारल्याशिवाय नुसत्या नव्वदला काही अर्थ नाही.

धोका कुणाला? वयस्कर माणसं, गरोदर स्त्रिया, दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), हृदयविकार, मधुमेह असलेले, अवयवरोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले. पण २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत आयसीयूत पोचलेल्यांत तरुण, गरोदर आणि खूप स्थूल माणसांचं प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखं होतं, आणि काहींना तर आधीचा कुठलाच आजार नव्हता. घसरण बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू होते. ताप उतरण्याऐवजी दम लागायला लागतो, एक वाक्य एका श्वासात पुरं होत नाही, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नये.

औषध आहे, पण घड्याळ चालू असतं

फ्लूवर विषाणूरोधक औषध आहे: ओसेल्टामिव्हिर. पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर सुटण्यासाठी न्युरामिनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) वापरतात; हे औषध त्या विकरालाच अडवतं. म्हणजे आधीच मेलेल्या पेशींसाठी ते काही करू शकत नाही, पुढची लाट तेवढी थोपवतं. म्हणूनच पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर फायदा सर्वांत जास्त. साध्या फ्लूत त्याने आजारपण जेमतेम दिवसभराने कमी होतं, आणि त्यावरून औषधाच्या उपयोगाबद्दल बरेच वाद झाले आहेत. अत्यवस्थ रुग्णांचं गणित मात्र वेगळं. २००९-१० च्या साथीतल्या २९ हजारांहून अधिक भरती रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा लवकर औषध मिळालेल्यांमध्ये उशिरा मिळालेल्यांपेक्षा मृत्यू स्पष्टपणे कमी होते. या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडून केलेली चाचणी नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही आयसीयूत आलेल्या रुग्णाला, चार दिवस उलटून गेले असले तरी, तपासणीच्या अहवालाची वाट न बघता ते सुरू करतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. किडनी नीट काम करत नसेल तर कमी. बेशुद्ध रुग्णाला नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे देतात आणि ते पुरेसं शोषलं जातं. आजार एवढा भारी, तर डोसही दुप्पट का नको? आग्नेय आशियात ही चाचणी होऊन गेली आहे. दुप्पट डोसने अधिक काही साधलं नाही. झानामिव्हिर नावाचं याच जातीचं औषध पावडरच्या रूपात ओढायचं असतं. ती पावडर पाण्यात कालवून व्हेंटिलेटरमधून देऊ नये, कारण तिच्यातल्या लॅक्टोजने यंत्राचे भाग तुंबतात.

तपासणीबद्दल एक इशारा. आजार खाली सरकला की नाका-घशातला विषाणू ओसरलेला असू शकतो आणि स्वॅब निगेटिव्ह येतो. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाचा स्राव फुप्फुसातून काढून तपासला की तोच पॉझिटिव्ह निघतो. एका निगेटिव्ह स्वॅबवर औषध बंद करणं धोक्याचं आहे.

नळी घालायची की थांबायचं

पहिला टप्पा बहुतेकदा हाय-फ्लोचा असतो. ओलसर, कोमट केलेली हवा आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण मिनिटाला ६० लिटरपर्यंतच्या वेगाने नाकातून देतात. रुग्ण बोलू शकतो, घोटभर पाणी पिऊ शकतो, आणि अनेकांचं नळीवाचून निभावतं. घट्ट मास्क लावून दाबाने हवा देण्याचीही पद्धत आहे. सीओपीडी किंवा हृदयामुळे पाणी साठलेल्या रुग्णाला ती उत्तम लागू पडते. फ्लूच्या तीव्र एआरडीएसमध्ये मात्र ती पुष्कळदा अपुरी ठरते.

खरा पेच असतो तो थांबायचं किती याचा. धापा टाकणारा माणूस छातीत जबरदस्त ओढ निर्माण करतो, आणि ती ओढच सुजलेल्या फुप्फुसाला आणखी फाडू शकते. थकलेल्या, घामाघूम झालेल्या, मिनिटाला चाळीस श्वास घेणाऱ्या रुग्णाला 'अजून एक रात्र बघू' म्हणत ठेवलं आणि मग घाईघाईत नळी घालायची वेळ आली, तर तीच सर्वांत धोक्याची वेळ असते. नातेवाइकांच्या मनात व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, असं पक्कं बसलेलं असतं आणि संमती द्यायला ते कचरतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. पण नळी वेळेवर घातली तर ती शेवटची पायरी नसते. उशीर केला की मात्र ती तशी होऊन बसते.

छोटा श्वास

आता मुख्य मुद्दा. व्हेंटिलेटर एका श्वासात किती हवा ढकलतो?

पूर्वी उत्तर होतं, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिलिटर. विचार सरळ होता: ऑक्सिजन कमी आहे, कार्बन डायऑक्साइड वाढतोय, तर भरपूर हवा द्या. एक्स-रेत फुप्फुस सगळीकडे सारखंच पांढरं दिसे, त्यामुळे ते सगळंच सारखं आजारी असेल असं मानलं जाई. १९८० च्या दशकात इटलीत लुचियानो गॅटिनोनी यांनी अशा रुग्णांचे सीटी स्कॅन काढले आणि चित्र पालटलं. उताणा झोपलेल्या रुग्णाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा भाग पार घट्ट झालेला, पुढचा भाग बऱ्यापैकी उघडा, आणि हवा घेऊ शकणारा भाग उरलेला जेमतेम पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढा. म्हणजे मोठ्या माणसाचा श्वास आपण लहान मुलाच्या फुप्फुसात कोंबत होतो. जो भाग अजून धड आहे, नेमका तोच ताणून फाडत होतो.

मग २००० साली अमेरिकेतल्या आर्डसनेट या रुग्णालयांच्या गटाने चाचणी छापली. ८६१ रुग्ण. अर्ध्यांना किलोमागे १२ मिलिलिटर, अर्ध्यांना ६. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के मृत्यू, छोट्या श्वासाच्या गटात ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली. पण माझ्या मते यातली खरी शिकवण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. पहिल्या काही दिवसांत रक्तातला ऑक्सिजन मोठ्या श्वासाच्या गटात जास्त चांगला होता! खाटेपाशी उभ्या असलेल्या कुठल्याही डॉक्टरला वाटलं असतं की हीच पद्धत बरोबर. आकडे ज्या बाजूला होते, माणसं त्या बाजूला वाचत नव्हती. फुप्फुस ताणलं की त्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात आणि किडनी, यकृत, हृदय एकेक करून मागे पडू लागतात. एआरडीएसचे रुग्ण निव्वळ ऑक्सिजनअभावी कमी दगावतात. बहुतेकदा अनेक अवयव निकामी होऊन जातात.

यातल्या 'किलो'ची एक गंमत आहे. हे वजन काट्यावरचं नाही, उंचीवरून काढलेलं आहे. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. पुरुषासाठी सूत्र: ५० अधिक ०.९१ गुणिले (सेंटिमीटरमधली उंची वजा १५२.४); स्त्रीसाठी ५० ऐवजी ४५.५. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं वजन या हिशेबाने ६६ किलो येतं, म्हणजे एका श्वासाला सुमारे ४०० मिलिलिटर. तो माणूस प्रत्यक्षात ११० किलोचा असेल आणि कुणी काट्यावरचं वजन धरलं, तर त्याला ६६० मिलिलिटर जातील. २००९ च्या साथीत स्थूल रुग्ण किती होते हे आठवलं की मोजपट्टी हे आयसीयूतलं किती मोलाचं उपकरण आहे ते कळतं. १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला तर २९० मिलिलिटरच पुरे.

एवढ्या छोट्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. श्वासांची संख्या वाढवून थोडी भरपाई करतात, उरलेला वाढू देतात, रक्त फार आम्ल होऊ नये एवढंच बघतात. ऑक्सिजनचंही तेच. सॅच्युरेशन ९९ करण्याचा हट्ट धरत नाहीत. ८८ ते ९५ च्या दरम्यान ठेवलं तरी चालतं. श्वास आत घेऊन क्षणभर रोखल्यावरचा दाब पाण्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा, हा दुसरा नियम.

श्वास सोडल्यावरही थोडा दाब आत राखतात, त्याला पीप म्हणतात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटल्या की ती उघडायला जोर लागतो, पण थोडी फुगलेली ठेवली तर पुढच्या वेळी सहज उघडते. पीपचं काम तेच. दर श्वासाला वायुकोश मिटणं आणि पुन्हा ताडकन उघडणं टळतं. तो दाब किती असावा यावर मात्र अजून एकमत नाही. फार वाढवला तर चांगले वायुकोश ताणले जातात आणि हृदयाकडे येणारं रक्त अडतं.

पालथं झोपवणं

तीव्र एआरडीएसमध्ये ज्या उपायाने सर्वाधिक जीव वाचल्याचं चाचणीत दिसलं, त्याला कुठलंही नवं यंत्र लागत नाही. रुग्णाला पोटावर झोपवायचं.

उताणं झोपल्यावर हृदय आणि पोटातले अवयव फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागावर रेलतात. नेमका तोच भाग मोठा असतो आणि रक्तही तिकडे जास्त जातं. पालथं केलं की तो भाग मोकळा होतो, मिटलेले वायुकोश उघडतात आणि श्वासाचा ताण फुप्फुसभर सारखा वाटला जातो.

ही कल्पना १९७० च्या दशकापासूनची. पालथं केल्यावर बहुतेकांचा ऑक्सिजन वाढतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी २००१ साली छापलेल्या इटलीतल्या मोठ्या चाचणीत, जिथे रुग्ण दिवसाला सुमारे सात तास पालथे असत, ऑक्सिजन सुधारला आणि मृत्यू कमी झाले नाहीत. मग २०१३ साली फ्रान्स आणि स्पेनमधली प्रोसेव्हा चाचणी आली. ४६६ रुग्ण, सगळे बऱ्यापैकी गंभीर, सगळ्यांना छोटा श्वास, आणि पालथं झोपवणं सलग किमान १६ तास. २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. निम्मे! नंतर कुणीतरी त्याच आकडेवारीत आणखी शोध घेतला: पालथं केल्यावर ज्यांचा ऑक्सिजन वाढला तेच वाचले का? तसं नव्हतं. ऑक्सिजन किती वाढला यावरून कोण वाचेल हे सांगताच येत नव्हतं. म्हणजे फायदा आला तो ताण वाटला गेल्यामुळे, फुप्फुस कमी फाटल्यामुळे. 'पालथं करून काही फरक दिसत नाही' म्हणून दोन तासांत सरळ करणं किती चुकीचं आहे, ते यावरून कळेल.

काम कष्टाचं असतं. चार-पाच जण लागतात, एक जण फक्त डोकं आणि नळी धरून. शिरेतल्या नळ्या, लघवीची नळी, मॉनिटरच्या वायरी, सगळं सांभाळून एका लयीत वळवायचं. मग डोळे दाबले जात नाहीत ना, कान दुमडला नाही ना, हे बघायचं, आणि चेहऱ्याची व हातांची बाजू ठरावीक वेळाने बदलत राहायची. चेहरा सुजतो, गालावर, कपाळावर दाबाच्या जखमा होतात. पहिल्यांदा बघणाऱ्या घरच्यांना तो चेहरा ओळखूही येत नाही. ती सूज उतरते.

बाकीची हत्यारं

गुंगी आणि गरज पडली तर स्नायू शिथिल करणारी औषधं, रुग्ण यंत्राशी झगडू नये म्हणून. २०१० च्या फ्रेंच चाचणीत शिथिलकांचा फायदा दिसला, २०१९ च्या अमेरिकी चाचणीत दिसला नाही. आता सरसकट न देता गरजेपुरतीच देतात.

सलाईन हात आखडून. गळक्या फुप्फुसात जास्तीचं पाणी थेट वायुकोशांत जातं. १००० रुग्णांच्या २००६ मधल्या चाचणीत पाणी कमी ठेवलेले रुग्ण व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले, किडनीचं नुकसानही वाढलं नाही. मृत्यूंत मात्र फरक पडला नाही. रक्तदाब सावरेपर्यंत पाणी, सावरल्यावर कोरडं ठेवणं, असा क्रम.

नायट्रिक ऑक्साइड हुंगवला की ऑक्सिजन एक-दोन दिवस वाढतो. जीव वाचत नाहीत, किडनीला धोका वाढतो. सेकंदाला अनेक थरथरत्या सूक्ष्म श्वासांनी फुप्फुस उघडं ठेवणारं खास व्हेंटिलेटर कागदावर सर्वांत सौम्य वाटत होतं. २०१३ च्या ऑसिलेट चाचणीत त्या गटात ४७ टक्के मृत्यू झाले, नेहमीच्या छोट्या श्वासाच्या गटात ३५ टक्के. ते प्रकरण प्रौढांपुरतं जवळपास मिटलं.

आणि एक्मो. मांडीच्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं, कृत्रिम पडद्यावरून नेऊन त्यात ऑक्सिजन भरायचा, कार्बन डायऑक्साइड काढायचा आणि मानेतल्या शिरेतून परत सोडायचं. मिनिटाला चार-पाच लिटर. फुप्फुसाला जवळपास पूर्ण सुट्टी मिळते, व्हेंटिलेटर अगदी मंद करता येतो. २००९ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये फ्लूच्या साथीत ६८ रुग्णांना एक्मोवर घेतलं. सगळे मरणाच्या दारात होते. अहवाल लिहीपर्यंत त्यांतले १४ दगावले होते. त्या बातमीने जगभर एक्मोची लाट आली. पण त्या ६८ जणांशी तुलना करायला दुसरा गट नव्हता. २०१८ च्या इओलिया चाचणीत असा गट होता: २४९ रुग्ण, ६० दिवसांतले मृत्यू एक्मो गटात ३५ टक्के, दुसऱ्यात ४६. फरक मोठा दिसतो, तरी संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला तो उतरला नाही. शिवाय दुसऱ्या गटातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांना अखेर एक्मोच लावावा लागला होता, त्यामुळे चित्र धूसर झालं. माझं मत असं की निवडक रुग्णांत एक्मो उपयोगी आहे, पण छोटा श्वास आणि पालथं झोपवणं नीट करून बघितल्याशिवाय त्याच्याकडे धाव घेणं उफराटं आहे. रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावं लागतं, त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि हे यंत्र रोज चालवणाऱ्या चमूच्या हातातच ते सुरक्षित असतं.

फ्लूच्या पाठीवरून येणारे पाहुणे

जखमी श्वासमार्गात जिवाणूंना आयतं मैदान मिळतं. न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्ट्रेप्टोकोकस. १९१८ च्या साथीत मेलेल्यांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले, तेव्हा बहुतेकांत जिवाणूंचा न्यूमोनिया असल्याचं दिसलं. एकदा बरं वाटून पुन्हा ताप भरणं ही त्याची ओळखीची खूण. म्हणून अत्यवस्थ रुग्णाला सुरुवातीला विषाणूरोधकाबरोबर अँटिबायोटिकही देतात आणि जिवाणू सापडले नाहीत तर थांबवतात. फ्लू विषाणूचा असताना अँटिबायोटिक का, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

कमी माहीत असलेला पाहुणा म्हणजे ॲस्परजिलस ही बुरशी. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या ४३२ फ्लू-रुग्णांच्या २०१८ मध्ये छापलेल्या पाहणीत आयसीयूतल्या १९ टक्क्यांना तिची लागण आढळली, आणि लागण झालेल्यांपैकी निम्म्यांहून अधिक ९० दिवसांत दगावले. ज्यांना आधी स्टेरॉइड दिलेलं होतं त्यांच्यात ती जास्त होती.

तेव्हा स्टेरॉइडचा प्रश्न. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी केले, हे २०२० साली रिकव्हरी चाचणीने दाखवलं. साहजिकच फ्लूतही ते द्यावं असं वाटतं. पण फ्लूच्या रुग्णांच्या नोंदींत स्टेरॉइड मिळालेल्यांचे मृत्यू जास्त दिसतात. अर्थात जास्त आजारी माणसालाच डॉक्टर स्टेरॉइड देतात, त्यामुळे दोष औषधाचा की आजाराचा हे नोंदींवरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शनात तीव्र फ्लूसाठी स्टेरॉइड न देण्याकडे कल दाखवला आहे. दमा उसळला असेल किंवा औषधांनीही रक्तदाब सावरत नसेल, तर त्या कारणासाठी देतात. कोविडचं औषध फ्लूला लावणं दिसतं तितकं सरळ नाही.

यंत्रावरून उतरताना

फुप्फुस सावरू लागलं की ऑक्सिजन आणि पीप हळूहळू उतरवतात, रोज गुंगी कमी करून माणूस जागा होतो का बघतात, मग अर्धा ते दोन तास आधार जवळपास काढून त्याला स्वतः श्वास घ्यायला लावतात. जमलं तर नळी काढतात. नाही जमलं तर उद्या परत. श्वासपटलाचा स्नायू यंत्रावर असताना एक-दोन दिवसांतच झिजू लागतो, म्हणून ही घाई. आठवडा-दोन आठवडे उलटले आणि सुटका दिसत नसेल तर गळ्याला छिद्र पाडून नळी तिथे बसवतात. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण तोंडातली नळी निघते, गुंगी कमी लागते, रुग्ण बसू शकतो, तोंडाची निगा सोपी होते.

घरी गेल्यावरची गोष्ट डिस्चार्ज कार्डावर क्वचित लिहिलेली असते. कॅनडातल्या मार्गारेट हेरिज आणि सहकाऱ्यांनी एआरडीएसमधून वाचलेल्यांना पाच वर्षं तपासलं. फुप्फुसांची चाचणी जवळजवळ सामान्य आली होती, तरी सहा मिनिटांत ही माणसं अपेक्षित अंतराच्या ७६ टक्केच चालू शकत होती. फुप्फुस भरून आलं होतं, स्नायू आणि मन मागे राहिलं होतं. झोप उडणं, आयसीयूतले भास पुन्हा पुन्हा आठवणं, विसरभोळेपणा, हे कित्येक महिने चालतं. चार पावलांवर दम लागतो म्हणून आजार उलटला असं लगेच समजू नये. पाय नुसते अशक्त असू शकतात, आणि त्यावर उपाय व्यायामाचा आहे.

एका तक्रारीकडे मात्र काणाडोळा नको. नळी निघून काही आठवड्यांनी श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, दम वाढत गेला, तर नळीच्या जागी श्वासनलिका आवळली गेलेली असू शकते. अशा रुग्णांना दमा समजून महिनोन्महिने पंप दिले जातात. त्याऐवजी दुर्बिणीने श्वासनलिका आतून बघून घ्यावी.